कोणाचीच नसलेली दुरडी

आमच्या तांड्यात दर श्रावणात एक दुरडी जास्तीची पेरतात. बाकीच्या दुरड्या पोरींच्या असतात. त्या नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या मुख्याच्या, अंगणात उंच लाकडी माचणीवर ओळीनं मांडलेल्या, पोरी त्यांच्याभोवती फेर धरतात, आया कौतुकानं पाहतात. ही एक तेवढी खाली, भिंतीला लागून ठेवलेली. ती कोणाचीच नाही. तिच्यासाठी कोणी गात नाही. पण अंगणात पाय ठेवणारा प्रत्येक माणूस आधी तिच्याकडे पाहतो. मीसुद्धा. नाही पाहायचं, नाही पाहायचं म्हणत जाते आणि मेली मान तिकडेच वळते.

ही दुरडी माझ्या लेकीपायी सुरू झाली. म्हणून तिची गोष्ट मीच सांगितलेली बरी. दुसरं कोणी सांगेल तर तिखटमीठ लावून सांगेल, आणि मिठानं तर या गोष्टीत आधीच पुरता घोळ घातलेला आहे.

तीज म्हणजे आमच्या बिनलग्नाच्या पोरींचा सण. दुरडीत माती आणि शेणखत घालून गहू पेरायचा, नऊ दिवस आळणी जेवायचं, गाणी म्हणत पाणी आणून घालायचं आणि शेवटी वीतभर वाढलेली ती रोपं पाण्यात बोळवायची. तीज उंच आली की पोरीचं भलं होणार, असं समजतात. नाही आली तर काय होणार, ते कोणी तोंडानं सांगत नाही. नुसतं पाहतात. ते पाहणं फार वाईट असतं. आमची घरातली बोली वेगळी आहे, पण बाजारात, टपरीवर सगळा जन्म वऱ्हाडी बोलण्यात गेला, म्हणून माणसांचं बोलणं त्याच बोलीत लिहिते.

तांडा टेकाडावर आहे. खाली तळं, आणि तळ्याच्या पलीकडच्या चढावर तालुक्याचं गाव. पूर्वी गाव आणि तळ्याच्या मधे कुरण होतं. कितीही पाऊस आला तरी त्या गवतातून पाणी थांबत थांबत, मुरत मुरत तळ्यात यायचं. मग गाव वाढलं. कुरणावर घरं आली, सगळे रस्ते सिमेंटचे झाले आणि पाण्याला मुरायला जागाच राहिली नाही. रस्त्यांच्या कडेनं नाल्या काढल्या, त्या सगळ्या एका मोठ्या पाइपात सोडल्या आणि त्या पाइपाचं तोंड आणून ठेवलं तळ्याच्या काठाला. त्याच सुमारास नगरपंचायतीनं त्या काठावर नदीची वाळू टाकली, पायऱ्या बांधल्या, दिवे लावले आणि त्याला चौपाटी म्हणायला सुरुवात केली. समुद्र आमच्यापैकी कोणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, पण चौपाटी झाली. रविवारी मारेगावपासून लोक लेकरं घेऊन पोहायला यायला लागले. माझी चहा-भज्यांची टपरी तिथेच, पाइपापासून हाकेच्या अंतरावर. पाणी मी घरून आणते, बोअरचं, कॅनमध्ये. हे आधीच सांगून टाकते, कारण ही गोष्ट ऐकली की लोकांना पहिल्यांदा तेच विचारायचं असतं.

पाऊस आला की त्या पाइपातून धो धो पाणी वाळूवर पडायचं आणि गावातले पोट्टे त्याखाली उभे राहून बोंबलायचे, "धबधबा! धबधबा!" आया काठावरून फोटो काढायच्या. पाइपाच्या कपाळावर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'पावसाचे पाणी'. या दोन शब्दांनी माझ्या लेकीचं नाव नासवलं.

ती त्या वर्षी बारावीला होती. पोरींमधे सगळ्यांत मोठी, म्हणून तिजेची पहिली घागर तिच्या डोक्यावर. आमच्याकडे तिजेला नळाचं पाणी चालत नाही. तांड्याच्या पायथ्याशी जुनी विहीर होती, तिचंच पाणी घालायची रीत. पण त्या वर्षी विहिरीचा काठ ढासळला आणि बायांनी पोरींना तिकडे फिरकायचीही बंदी केली. मग पोरी तळ्यावर आल्या. तळ्यात म्हशी बसलेल्या, बाजूला कोणी कपडे धूत होतं. पोरी नाक मुरडून उभ्या होत्या. तेवढ्यात माझ्या लेकीनं पाइपावरची अक्षरं वाचली.

"अवं, हे पाहा! पावसाचं पाणी. आभाळातलं. याच्याहून चोखट पाणी कोणतं असन?"

पोरींच्या घागरी खळखळ भरल्या. गाणं म्हणत त्या चढ चढून गेल्या. मी टपरीतून त्यांचं गाणं ऐकत होते. फार गोड लागत होतं कानाला.

मधेच एका दुपारी मोठा पाऊस झाला. पोरींनी तो पडत असतानाच घागरी भरून नेल्या. त्यानंतर गव्हाचे शेंडे तांबूस झाले. मग वाळले. मग रोपं आडवी पडली, एकूणएक दुरड्यांमधली. मी नायकाच्या अंगणात पोचले तेव्हा गाणं बंद होतं आणि पोरी भिंतीला टेकून बसल्या होत्या, घरात कोणी गेल्यावर बसतात तशा.

तीज करपलेली तांड्यात कोणाच्या आठवणीत नव्हती. नायक माझा चुलतसासरा. त्याची बायको, माझी चुलतसासू, सगळ्या दुरड्यांवरून हात फिरवत शेवटपर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "पहिली घागर कोणाची होती?"

सगळ्यांना माहीत होतं कोणाची. तरी तिनं विचारलं. आणि कोणी उत्तर द्यायच्या आत तिनंच पुढे जोडलं, "माय दिवसभर भजी तळते. पोरगी आळणी राह्यली असन काय?"

झालं. मीठ. माझ्या टपरीतलं मीठ माझ्या लेकीच्या तोंडात घातलं त्यांनी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण चुलतसासूपुढे काय बोलणार? पोरीला हाताला धरून घरी आणलं. ती रडली नाही. दाराच्या मागे उभी राहून म्हणाली, "याडी, मी मिठाचा खडा तोंडात घातला नाई. तुही शप्पथ."

"माहीत हाये मले."

"फक्त चढ चढताना तहान लागलती. ओंजळभर पाणी प्याली मी, तथलंच, पाइपाचं. त्यानं उपास मोडते काय वं?"

मी म्हणाले, नाही मोडत. 

तिचा बाप शेतातून आला. मी सोबत आणलेलं एक करपलेलं पान त्यानं बोटांत चोळलं, नाकाशी नेलं.

"हे तणनाशकानं गेलं," तो म्हणाला. "बांधावरचं गवत असंच जाते."

"नायकाच्या अंगणात तणनाशक कुठून येईन?"

 याचं उत्तर मला मिळालं त्यानंतर आलेल्या पहिल्याच पावसात. मी टपरीत होते. पाइपातून आधी एक काळसर लोंढा आला आणि त्याच्यामागून पाणी. त्या लोंढ्याला वास होता. नवरा फवारून आला की त्याच्या शर्टाला येतो तोच वास. मी गॅस बंद केला, डोक्यावर पोतं घेतलं आणि नालीच्या कडेकडेनं गावात वर चढत गेले. कृषी केंद्रांच्या गल्लीत नळाखाली दोघं-तिघं फवारणीचे पंप धूत होते, आणि ते पांढरं पाणी सरळ नालीत. पुढे गॅरेज, तिथलं काळं ऑइल नालीत. त्याच्या पुढे कोंबडीवाला, त्याचं पाणी नालीत. सगळं एकाच पाइपात, पाइप चौपाटीवर, आणि वर लिहिलेलं, पावसाचे पाणी. त्या गल्लीत उभी राहून मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिजेच्या शेवटच्या दिवशी सगळा तांडा नायकाच्या अंगणात बसला. करपलेली तीज बोळवायची का, आणि बोळवायची तर माझ्या लेकीनं पुढे चालायचं का, एवढंच ठरवायचं होतं. सकाळीच पाऊस होऊन गेला होता. मी पाइपाखाली लोटा भरून आणला. नायकापुढे सून डोक्यावरचा पदर ढळू देत नाही आणि तोंड वर करून बोलत नाही. पदर मी सांभाळला. बाकी काही सांभाळलं नाही.

"घ्या मामंजी," मी लोटा त्याच्यापुढे धरला. "पावसाचं पाणी हाये, पाइपावर तसं लिवलं हाये. पोरीनं तिजेले हेच घातलं. चांगलं असन तर प्या घोटभर, आन् मंग लावा तिले बोल."

मला वाटलं होतं, तो वास घेईल, तोंड वाकडं करेल, लोटा खाली ठेवेल आणि माझी लेक सुटेल. पण म्हातारा जुन्या वळणाचा. सुनेनं पुढे केलेलं पाणी नको म्हणायचं नसतं. त्यानं लोटा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि तोंडाकडे नेला. अरे देवा!  एवढी बडबडी मी, आणि नुसती पाहत उभी राहिले.

कोपऱ्यातून माझी लेक उठली, धावत आली आणि तिनं नायकाच्या हातावर फाडकन हात मारला.

लोटा गडगडत माचणीखाली गेला.  पोरीनं नायकावर हात उचलला, तोही तिजेच्या दिवशी. सारवलेल्या जमिनीवर पाणी पसरत गेलं आणि त्याच्यावर रंग दिसायला लागले, जांभळे, पिवळे, पेट्रोल सांडल्यावर दिसतात तसे. नायकानं ओली बोटं नाकाशी नेली. कापूस पिकवणारा माणूस, त्याला काय सांगायला लागतं?

"फवारणीचं औषध," तो म्हणाला. मग म्हणाला, "तळ्यावर कोणी जायचं नाई."

"अन् पोरीचं काय?" चुलतसासू बोलली. "पाणी वाईट हाये का पोरगी वाईट हाये, हे कसं समजन?"

नायकानं माझ्या लेकीकडे पाहिलं. तो वाईट माणूस नाही. पण त्याला सगळा तांडा सोबत न्यायचा असतो. तो म्हणाला, "पुढच्या तिजेले एक दुरडी जास्त पेरा. कोणाच्या नावाची नाई. तिले पाइपाचंच पाणी घाला. या पोरीनं तिले हात लावायचा नाई. करपली त पाणी वाईट. मंग समजन."

असा माझ्या लेकीचा निवाडा गव्हाच्या दाण्यांवर सोपवला गेला. ती तिथेच उभी होती. तिनं मान हलवली, जसं काही कोणी तिला दुकानातून साखर आणायला सांगितलं होतं.

पुढच्या वर्षी विहिरीचा काठ बांधून झाला होता. पोरींच्या दुरड्या विहिरीच्या पाण्यावर तरारून आल्या आणि खालची दुरडी काडीसारखी वाळली. मी देवाला हात जोडले. तीज जळाली म्हणून देवाला हात जोडणारी तांड्यातली पहिली बाई मीच असेन. मला वाटलं, संपलं. पण चुलतसासू म्हणाली, "एका सालानं काय समजते? आणखी पाहू." आणि त्या 'आणखी पाहू'ची रीतच पडून गेली.

इथेच मी माझ्या हातानं माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. कारण हे चालू असतानाच मी नगरपंचायतीच्या पायऱ्या झिजवत होते. तिथला इंजिनीअर साहेब पोरगेलासा, बोलायला चांगला. मी त्याला पाइपावरच्या अक्षरांवरून चांगलं फैलावर घेतलं.

तो म्हणाला, "बाई, ते चुकीचं नाही. संडास-मोरीचं पाणी वेगळं आणि पावसाचं वेगळं, एवढंच दाखवायला तसं लिहितात."

"साहेब, पाऊस वरतून चोखटच येते. पण खाली आल्यावर तो तुमचं सारं गाव धुते, आन् ते धुणं आमच्या अंगावर येते."

तो हसला. मग हसायचा थांबला. दुसऱ्या दिवशी पावसात स्वतः चौपाटीवर आला, छत्री धरून पाइपापुढे उभा राहिला आणि तो काळा लोंढा त्यानं डोळ्यांनी पाहिला. म्हणाला, "हा पहिला लोंढाच सगळ्यात वाईट. एवढा अडवला तरी पुष्कळ होईल." आणि त्यानं खरंच केलं हो! पाइपाच्या तोंडाला जाळी बसवली. त्याच्यापुढे गाळ बसायला टाकी बांधली, टाकीतून पाणी सरळ वाळूवर न सोडता दगडगोट्यांच्या चरातून, वाळ्याच्या गवतातून फिरवून तळ्यात सोडलं. पंप धुवायला गल्लीत वेगळी जागा करून दिली, विटांचा शोषखड्डा खणून. गॅरेजवाल्याला ऑइलसाठी ड्रम ठेवायला लावला. आभाळ भरून आलं की झाडूवाल्या बाया आधी बाजाराचा रस्ता झाडायच्या. पाण्यावरचे ते रंग दिसेनासे झाले. वास कमी झाला. पुढच्या तिजेला खालच्या दुरडीचे नुसते शेंडे वाळले, रोपं जगली.

आणि मी पेचात सापडले. पाणी सुधारलं की दुरडी हिरवी होणार. दुरडी हिरवी झाली की तांडा म्हणणार, पाण्यात काही नव्हतंच, पोरीतच होतं. हे साहेबाला कसं समजावू? त्याच्या टाकीतला गाळ निघाला नाही तर मीच ऑफिसात जाऊन भांडत होते, आणि घरी येऊन देवापुढे बसले की म्हणत होते, देवा, थोडीशी करपू दे. असली कसली आई मी! पण होते तशी.

तोवर लेकीचं लग्न झालं, मुकुटबनकडे दिली तिला. घर चांगलं, जावई चांगला. पण दिवस जातात, महिने जातात, तिची कूस उजवली नाही. तांड्यातल्या बाया माझ्यासमोर बोलत नाहीत. मी आले की गप्प होतात, एवढंच. मला दोन भीती. एक तांड्याची, ती करपलेल्या तिजेची. दुसरी माझी एकटीची, त्या ओंजळभर पाण्याची. डॉक्टर म्हणतात दोघांतही दोष नाही, वाट पाहा. मी वाट पाहते, आणि पाहता पाहता ती ओंजळ मला दिसत राहते.

यंदा उन्हाळ्यात रस्ता रुंद झाला आणि जुनी विहीर त्याच्यात गेली. जेसीबीनं मुरूम लोटून ती बुजवली. आता पोरींना नळाचं पाणी घालावं लागलं, नाइलाज. पण तीज बोळवायची कुठे? नायक म्हणाला, "अवंदा खालची दुरडी हिरवी निघाली त पोरी चौपाटीवर जातीन. तळं चांगलं झालं असं समजू."

तळं चांगलं झालं नव्हतं. मी रोज तिथे असते, मला दिसत होतं. चांगला साहेब बदलून गेला. टाकी गाळानं काठोकाठ भरली, ती कोणी उपसली नाही. वरच्या अंगाला नवीन लेआऊट पडलं आणि तिथल्या लोकांनी संडासाच्या टाक्यांचं पाणी गुपचूप पावसाच्या नालीला जोडून दिलं. आषाढातच तळं हिरवं व्हायला लागलं. आधी कडेनं, मग मधे, मग दुधावर साय धरावी तसा हिरवा थर. सकाळी वाळूवर उलटे पडलेले मासे दिसायचे. नगरपंचायतीची माणसं ते कोणी यायच्या आत लोटून टाकत. पोहून गेलेले पोट्टे अंग खाजवत टपरीवर येत. मी सांगायला गेले की लोक म्हणत, "जाळी बसवली ना आता? अजून काय पाह्यजे तुले?" जाळीत पिशव्या अडकतात, बाटल्या अडकतात. जे विरघळून येतं ते जाळीला काय दिसणार?

पण खालची दुरडी वर येत होती. माचणीवरच्या दुरड्यांना तिनं केव्हाच मागे टाकलं. शेवटच्या दिवशी लेक तिजेसाठी माहेरी आली, तेव्हा ती दुरडी सगळ्यांत उंच होती. काळपट हिरवी, पानं रुंद, मऊ. अंगणात आनंदीआनंद. पोरींनी तर दुरड्या डोक्यावर घेऊनही टाकल्या होत्या.

चुलतसासूनं त्या पानांवरून हात फिरवला आणि माझ्या लेकीकडे पाहिलं. "पाह्य. पाण्यात काही नव्हतं," एवढंच म्हणाली. पुढचं तिनं सगळ्यांवर सोडून दिलं.

माझी लेक दुरडीपाशी बसली. तिनं चिमूटभर रोपं ओढली. ती लोण्यातून निघावी तशी निघाली. मुळं तपकिरी, बुळबुळीत.

"आबाजी," ती नायकाला म्हणाली, "पोरींले पाठवू नका. हे युरिया टाकल्यावानी हिरवं हाये, घाणीचं हिरवं. येताना मी तळं पाह्यलं. त्याच्यात पाय टाकाची जागा नाई."

मी मागून तिचा पदर ओढला. "चूप बस वं. तू नको बोलू, माय." दुसऱ्या कोणीही बोलावं, हिनं नको. पण दुसरं कोण बोलणार होतं?

"करपली तरी पाणी वाईट," चुलतसासू म्हणाली, "हिरवी आली तरी पाणी वाईट. मंग चांगलं कवा म्हणशीन वं तू? सोताचं झाकाले पाण्याले किती दिवस नावं ठेवशीन?"

बाया हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.  दुरडीशेजारी तिला घालायच्या पाण्याचा लोटा होता, पाइपावरून भरलेला. तिनं तो उचलला.

"बरं," ती म्हणाली. "पाणी चांगलं हाये ना? मंग पिते मी. मागं बी प्यालती."

एव्हाना बाया पुढे सरकल्या होत्या आणि मी त्यांच्या मागे पडले होते. मी ओरडले, लोटालोटी केली, पण पुढे पोचता येईना. पोर लोटा तोंडाजवळ नेत होती आणि सगळीकडे पाहत होती, एकेकाच्या तोंडाकडे. अंगणात एवढी माणसं. ज्यांनी तिला पाळण्यात पाहिलं, ज्यांच्या घरी ती जेवली. कोणीही हललं नाही. लोटा ओठाला लागला.

नायक बाजेवर बसला होता. आता त्याचे हात सारखे थरथरतात, त्याला चहाची कपबशी धरवत नाही. तो उठला आणि त्या थरथरत्या हातानं त्यानं लोट्यावर असा फटका मारला की लोटा भिंतीवर जाऊन आदळला.

हिरवट पाणी अंगणात पसरलं. आता त्याला औषधाचा वास नव्हता. संडासाचा होता. सगळ्यांना आला. चुलतसासूनं पदर नाकाला लावला.

नायकानं हात धोतराला पुसला. "बस, बाई," तो माझ्या लेकीला म्हणाला. "बस झालं तुहं." आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला, सगळ्यांना दिसेल असा. मी मोठ्यानं रडले, लाजलज्जा सोडून रडले. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो निवाडा हाच होता. माझी लेक चांगली होती. पाणी वाईट होतं.

रडून डोळे पुसले तेव्हा पोरी अजून तशाच उभ्या होत्या, डोक्यावर दुरड्या घेऊन. त्यांच्यातली सगळ्यांत लहान पोरगी, मान अवघडलेली, नायकाला विचारत होती, "आबाजी, मंग तीज बोळवायची कोठी?"

नायकानं विहिरीच्या दिशेनं पाहिलं. तिथे मुरूम होता, त्याच्यावरून ट्रक जात होता. मग त्यानं तळ्याकडे पाहिलं. पलीकडच्या चढावर, गावावर, आभाळ काळं होऊन खाली आलं होतं आणि तिथे पाऊस सुरूही झाला होता. आमच्या अंगणात अजून थेंब नव्हता. 

तेवढ्यात खालून, चौपाटीवरून, पोट्ट्यांची बोंब ऐकू आली. "धबधबा! धबधबा!"

माझ्या लेकीनं चपलाही घातल्या नाहीत. ती उताराला लागली, दोन्ही हात हलवत, पोट्ट्यांना पाइपाखालून निघा म्हणून ओरडत. मी तिच्या मागे धावले.